बीअर उतू जाते तेव्हा

प्रश्न : घरी बीअर करताना 6 गॅलनच्या काचेच्या कार्बॉयमध्ये (अरुंद तोंडाच्या मोठ्या बाटलीत) गव्हाच्या बीअरचं 5 गॅलन वर्ट (आंबवण्याआधीचं गोड धान्यपाणी) भरलं आणि रात्री 24 अंश सेल्सिअसला यीस्ट घातलं. सकाळी एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी, हवा आत न येऊ देणारी बुचातली झडप) फेसाने तुंबलेला, बूच उडालेलं, छतापर्यंत शिंतोडे. बीअर टाकावी लागेल का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : मुळीच नाही. बूच उडालं हे बरंच झालं. ते घट्ट बसलं असतं तर काच फुटू शकली असती. फेस जोरात येत असताना कार्बन डायऑक्साइड सतत बाहेर लोटत असतो, त्यामुळे काही तास कार्बॉयचं तोंड उघडं राहिल्याने सहसा बीअर नासत नाही. ते तोंड सॅनिटायझरने (बीअरची भांडी निर्जंतुक करायच्या द्रावणाने) पुसा. एअरलॉक मात्र लगेच परत लावू नका, तो पुन्हा तुंबेल.

त्याऐवजी जाड नळी लावा. सव्वा इंच बाहेरील व्यासाची नळी बहुतेक काचेच्या कार्बॉयच्या तोंडात थेट घट्ट बसते. बारीक नळीत हॉप्सचा (बीअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) चोथा अडकतो आणि पुन्हा तेच. दुसरं टोक सॅनिटायझर भरलेल्या बरणीत 2-3 सेंटिमीटर बुडवा. बरणी कार्बॉयपेक्षा खाली ठेवा आणि तिच्यात द्रव थोडाच घ्या. बीअर थंड झाली की तो आत ओढला जाऊ शकतो. फेस बसल्यावर एअरलॉक चालेल.

चूक दोन ठिकाणी झाली. आंबोळीचं पीठ कोणी काठोकाठ भरत नाही, मग गव्हाच्या बीअरचं यीस्ट तर फेसाच्या बाबतीत सर्वांत उतावळं! 5 गॅलनला साडेसहा गॅलनचं भांडं घ्या, तरीही नळी लावाच. दुसरी चूक तापमानाची. आंबताना वर्ट स्वतःच तापतं. खोलीपेक्षा 3-5 अंश जास्त सहज होतं. त्यामुळे यीस्ट 17-18 अंशांना घाला. पहिले तीन दिवस कार्बॉय पाण्याच्या टबात ठेवून त्यावर ओला टी-शर्ट चढवा आणि टबात बर्फाच्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदला. या दिवसांत उष्णता वाढली की केळ्याचा वास अति होतो, शिवाय घशाला जळजळणारी जड अल्कोहोलं तयार होतात. ती नंतर काढता येत नाहीत.

प्रश्न : चौथ्या दिवशी बुडबुडे थांबले. बाटल्या भरू?

उत्तर : बुडबुड्यांवर जाऊ नका. हायड्रोमीटरचं (द्रवाची घनता मोजणाऱ्या उपकरणाचं) वाचन तीन दिवस तेच आलं तरच भरा, नाहीतर आत आंबणं चालूच राहून बाटल्या फुटतील.

(महाराष्ट्रातल्या वाचकांनी हा प्रयोग करू नये. 1949च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याविना मद्य बनवणं गुन्हा आहे.)