गोळ्याला १२, शंभर मीटरला ६. म्हणजे पाय कमजोर का?

तुम्ही विचारलंय: पोलीस भरतीच्या सरावात गोळाफेकीला १५ पैकी १२, १६०० मीटरला २० पैकी १५, पण १०० मीटरला १५ पैकी ६ च. म्हणजे हात दणकट आणि पाय कमजोर समजायचे का?

नाही. ७.२६० किलोचा गोळा नुसत्या हाताने जात नाही, रेटा पायातून आणि कमरेतूनच येतो. दोन्ही पाय खरंच कमजोर असते तर बहुधा गोळ्यालाही मार्क गेले असते.

हाच निष्कर्ष माझ्या माथी मारला होता, म्हणून लिहितेय. आम्ही पहाटे शिवाजी पार्कला सराव करायचो. मला ८०० मीटरला १६, ४ किलोच्या गोळ्याला ११ आणि १०० मीटरला ५. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "मुलींचे पाय कच्चेच असतात. रोज दोनशे बैठका मार." दोन महिने मारल्या. शंभरचा आकडा जागचा हलला नाही, उजवा गुडघा मात्र दुखायला लागला.

परळच्या एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी मार्कांचा कागद बाजूला ठेवला आणि बूट उलटे करायला सांगितले. डाव्याचा पुढचा रबर घासून गुळगुळीत, उजव्याची नक्षी शाबूत. मग एका पायावर उभं राहून टाच उचलायची. डाव्याने २४ वेळा, उजवा १३ लाच थरथरायला लागला. दोन वर्षांपूर्वी दादरला गाडीतून उतरताना त्याच उजव्या पायाचा घोटा मुरगळला होता. आठवडाभर लंगडले आणि विसरून गेले. दुसऱ्या दिवशी आईच्या शिलाई मशीनवरची टेप घेऊन पार्कात एका पायावर उडी मारली, त्याच पायावर उतरले. डावा १३८ सेंटीमीटर, उजवा ११२. म्हणजे डाव्याच्या ८१ टक्के. फिजिओ साधारण ९० च्या खाली गेलं की लक्ष घालतात.

दोन्ही पायांवर बैठका मारताना चांगला पाय दुबळ्याचा भार गुपचूप उचलतो. सर, तुमच्या दोनशे बैठकांनी माझा डावाच पाय तयार झाला. पुढे तीन महिने चाळीच्या जिन्यावर एका पायाचा व्यायाम केला: आधी उजवा, मग डावा तेवढाच, एकही जास्त नाही. उजवा १२८ वर आला, डावा १४०. शंभरला ९ मार्क. टेप दाखवली तर सर म्हणाले, "टेपवर भरती होत नाही." कच्चे पाय म्हणून ज्या मुली सराव सोडून गेल्या, त्यांचं कुणी मोजलंच नव्हतं. तो राग अजून आहे.

तुम्ही मार्क सोडा, सेकंद आणि मीटर लिहून ठेवा. दोन्ही पायांच्या तीन-तीन उड्या मोजा, सर्वांत लांब ती धरा. दोन्ही सारख्या आल्या तर घोळ कदाचित स्टार्टमध्ये असेल, मित्राला बाजूने व्हिडिओ काढायला सांगा. आणि हो, उडीत ताकदीबरोबर तोलही मोजला जातो, त्यामुळे फरक दिसला तरी कारण कळत नाही. गुडघा सुजलेला किंवा दुखत असेल तर उडी मारूच नका, आधी दाखवून या.