वाचक विचारतात : चाकणचं पिंपरी-चिंचवड होणार का?

प्रश्न : आमचं चाकण म्हणजे कांदा-बटाट्याचा बाजार. आता चहूकडे कारखाने, इमारती आणि सकाळ-संध्याकाळ तुंबलेला रस्ता. घरातली म्हातारी माणसं म्हणतात, पिंपरी-चिंचवडही आधी असंच शेतकऱ्यांचं होतं. ते शहर कसं झालं? आणि आम्ही आमची अडीच एकर आत्ता विकावी का?
– एक वाचक, चाकण

उत्तर : विकावी की ठेवावी, हे मला विचारू नका. मी भूमी अभिलेख खात्यातला निवृत्त भूकरमापक, म्हणजे मोजणीदार आहे, एजंट नाही. शहर कसं झालं ते मात्र नकाशावर बघितलंय, तेवढं सांगतो.

म्हातारी माणसं खरं बोलतात. पवनेकाठची ती गावंच. चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधीला लोक यायचे, पिंपरीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांचा कॅम्प पडला. १९५४ साली सरकारने पेनिसिलिनसाठी हिंदुस्तान अँटिबायोटिक्स स्थापन केली. तिला तिकडे आजही नुसतं 'एचए' म्हणतात. १९६२ मध्ये एमआयडीसी (औद्योगिक विकास महामंडळ) स्थापन झाली आणि साठच्या दशकातच आकुर्डीला बजाज, पिंपरीला टेल्को (आजची टाटा मोटर्स) उभी राहिली. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी मिळून नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महापालिका, १९९७ मध्ये आणखी १८ गावं आत घेतली. १९७१ च्या जनगणनेत ऐंशी हजारांच्या आसपास असलेली वस्ती २०११ मध्ये सतरा लाखांच्या वर होती.

हा झाला सरकारी इतिहास. कामगार आले, पण त्यांनी राहायचं कुठे? इथून दोन वाटा फुटल्या. १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं. त्याने जमिनी संपादन केल्या, आधी रस्ते आखले, मग प्लॉट पाडले. निगडी-प्राधिकरणात फिरलात तर सेक्टर, रुंद रस्ते, झाडं दिसतात. ज्यांच्या जमिनी गेल्या ते शेतकरी साडेबारा टक्के परताव्यासाठी, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या तेवढ्या हिश्शाची विकसित जागा परत मिळावी म्हणून, वर्षानुवर्षं खेटे घालत राहिले, हेही त्याच रुंद रस्त्यांच्या हिशेबात धरा.

दुसरी वाट गुंठ्यांची. एकराचे चाळीस गुंठे, गुंठा १,०८९ चौरस फुटांचा. संपादनाची धास्ती, घरात लग्न, भावाभावांत वाटणी. शेतकऱ्याने गुंठा-गुंठा विकला. जमिनीचे फार लहान तुकडे पाडायला मनाई करणाऱ्या तुकडेबंदी कायद्यामुळे तेव्हा खरेदीखत नोंदवणं अवघड होतं, म्हणून व्यवहार स्टॅम्प पेपरवर. रस्त्याला जितकी जागा सोडाल तितकी विकायला कमी, म्हणून बोळ आठ-दहा फुटांचा. काळेवाडी-रहाटणीकडे चालताना सरळ गल्ली विनाकारण काटकोनात वळली, तर जुना गट नकाशा काढा. तिथे बहुधा बांध सापडेल. पाणंद होती तिथे मुख्य रस्ता झाला. ओढा होता तिथे पहिल्या मोठ्या पावसात पाणी शिरतं, आणि लोक महापालिकेला शिव्या घालतात. (थोड्या त्यांनी ओढ्यावर प्लॉट पाडणाऱ्यालाही घालाव्यात.) २००१ मध्ये अशा गुंठ्यांवरच्या वस्त्या नियमित करण्याचा गुंठेवारीचा कायदा झाला. त्याने कागद नियमित होऊ शकले, बोळ रुंद होणार कुठून?

तिसरीही वाट आहे आणि मला ती सगळ्यांत शहाणपणाची वाटते. हडपसरच्या मगरपट्ट्यात सुमारे १२० कुटुंबांनी चारशेच्या आसपास एकर जमीन एकत्र केली, कंपनी काढली आणि ज्याची जितकी जमीन तितके त्याला शेअर्स. जमीन एकदा विकून मोकळं होण्याऐवजी ते मालकच राहिले. पण ते बव्हंशी एका भावकीचं काम होतं. तुमच्या भावकीत बांधावरून कोर्टकचेरी चालू असेल तर आधी ती मिटवा, मग मगरपट्ट्याचं नाव घ्या.

चाकणमध्ये अजून बांध शिल्लक आहेत, म्हणजे निवड तुमच्या हातात आहे. तेव्हा विक्रीचा विचार करण्याआधी तुमच्या गटातून विकास आराखड्यातला रस्ता किंवा सार्वजनिक कामासाठीचं आरक्षण जातंय का ते बघा. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांना मुदत मिळते. बरेच शेतकरी ती मुदत संपल्यावर मोजणीदाराकडे येतात, आणि तेव्हा मोजणीदार फक्त खुणा दाखवू शकतो.

प्रश्न : गाव नगरपरिषदेत गेलं की सातबारा बंद होतो का?
– एक वाचक

उत्तर : आपोआप होत नाही. नगर भूमापन (सिटी सर्व्हे) होऊन मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) तयार झाली की मग त्या जागेचा सातबारा बंद करायचा असतो. ते राहून गेलं की एकाच जागेचा सातबाराही चालू आणि मिळकत पत्रिकाही चालू, असा घोळ होतो. जुने फेरफार आणि मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत जपून ठेवा, आणि नगर भूमापनाच्या चौकशी अधिकाऱ्याची नोटीस आली की स्वतः हजर राहा. पुतण्याला पाठवू नका.