टुरिस्ट व्हिसावर थायलंडला वर्षानुवर्षे राहता येतं का?

तुम्ही निपाणीचे, व्हिडिओ एडिटिंगचं काम ऑनलाइन करता, आणि तुमचा एक मित्र म्हणतो की थायलंडला टुरिस्ट म्हणून जायचं, दर दोन-तीन महिन्यांनी बॉर्डर ओलांडून परत यायचं, असं कितीही वर्षं चालतं. हे खरं का, असं विचारलंय तुम्ही. मी बेळगावची, शहापूरची. ऑस्ट्रेलियातल्या दोन दुकानांचे हिशेब ऑनलाइन बघते, आणि २०२३ च्या जानेवारीपासून पावणेदोन वर्षं मी चियांग माईला अशीच राहिलेय, त्यामुळे प्रश्न वाचला आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

चालतं, पण कुठल्या दिवशी चालायचं बंद होईल ते तुमच्या हातात नसतं. तुमच्या मित्राचं आजवर चाललं असेल, त्यावरून तुमचं चालेल असं धरू नका.

मी गेले तेव्हा आपल्याला साठ दिवसांचा टुरिस्ट व्हिसा आधी काढावा लागायचा, तिकडं इमिग्रेशन ऑफिसात १९०० बाट (थायलंडचं चलन) भरले की अजून तीस दिवस मिळायचे, म्हणजे तीन महिने झाले की मी रात्रीची बस पकडून उदोन थानी, तिथून नोंग खाईचा पूल ओलांडून लाओसमध्ये व्हिएन्तियानला, तिथल्या थाई एम्बसीत पासपोर्ट द्यायचा, दुसऱ्या दिवशी नवा व्हिसा घेऊन परत. मग २०२३ च्या नोव्हेंबरात भारतीयांना व्हिसाच नको झाला, तीस दिवस फुकट. २०२४ च्या जुलैत त्याचे साठ दिवस झाले. आम्ही सगळे खूश, आता काय, सोपंच झालं! पण साठ दिवसांचा शिक्का फिरायला आलेल्या माणसासाठी आहे, घर करून राहणाऱ्यासाठी नाही, हे आमच्यापैकी कुणी मनावरच घेतलं नाही. जमिनीच्या बॉर्डरवरून व्हिसाशिवाय कॅलेंडर वर्षात दोनदाच आत येता येतं हा नियम तर २०१६ च्या शेवटापासूनचा आहे, तो कित्येकांना पुलावर पोचल्यावर कळतो.

माझं काय झालं ते सांगते. २०२४ च्या सप्टेंबरात सकाळी मी रांगेत उभी राहून १९०० बाट भरून तीस दिवस वाढवून घेतले आणि त्याच रात्री आईचा फोन, आप्पांच्या छातीत दुखायलंय, केएलई हॉस्पिटलला ॲडमिट केलंय. आई रडत नव्हती, नुसतं "कधी यायलीस गं?" एवढंच विचारत होती. दुसऱ्या दिवशी मी बँकॉकहून बेंगळूर आणि तिथून रात्रीच्या बसनं बेळगाव. आप्पांची ॲन्जिओप्लास्टी झाली, देवाच्या कृपेनं ते आता रोज सकाळी चालून येतात.

पण बाहेर पडायच्या आधी री-एन्ट्री परमिट काढायचं असतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. एकदा जायचं-यायचं ते हजार बाटाला मिळतं. ते नसलं तर तुम्ही देशाबाहेर पडल्या क्षणी उरलेले सगळे दिवस संपतात. माझे तसेच संपले. तीन आठवड्यांनी परत गेले तर काउंटरवरच्या बाईंनी पासपोर्ट उघडला आणि एकेक पान उलटत बॉलपेनचं टोक प्रत्येक शिक्क्यावर ठेवत मोजायला लागल्या, तोंडानं काही नाही, फक्त पेन टेकतंय. नऊ, दहा, अकरा. मग मला बाजूच्या खोलीत नेलं. तिथं तीन तास. इथं काय करता, पैसे कुठून येतात, परतीचं तिकीट कुठाय, वीस हजार बाट कॅश दाखवा. माझ्याकडं कार्ड होतं, कॅश तेवढी नव्हती. शेवटी एका सिनियर साहेबांनी शिक्का मारला आणि शांतपणे सांगितलं, नेक्स्ट टाइम प्रॉपर व्हिसा. त्यांनी माझ्यावर उपकारच केले असं मी मानते, कारण माझ्या शेजारी बसलेल्या मुलाला त्याच संध्याकाळच्या फ्लाइटनं परत पाठवलं, आणि त्याचं सगळं सामान, भाड्याची खोली, गाडी, सगळं पटायाला होतं.

त्या खोलीत बसून मला सारखा कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरचा आपला कोगनोळी नाका आठवत होता. २०२१ ला आरटीपीसीआर नसेल तर कोल्हापूरकडून येणाऱ्या गाड्या परत फिरवत होते, आठवतं ना? रोज ये-जा करणारी माणसं, एका रात्रीत रिपोर्ट मागायला लागले. आपण सीमाभागातली माणसं, महाराष्ट्रातल्या शिनोळीला बाजाराला जाऊन येताना राज्य बदललेलं आपल्याला जाणवतसुद्धा नाही, त्यामुळे बॉर्डर ही आपल्याला रस्त्यावरची एक पाटी वाटते. तिकडं तसं नाही हो. तिकडं काउंटरवरच्या माणसाला "नाही" म्हणायचा पूर्ण अधिकार आहे.

आता तर अजून कडक झालंय. २०२५ च्या १ मे पासून येण्याआधी ऑनलाइन डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात थाई इमिग्रेशननं जाहीर केलं की सबळ कारणाशिवाय दोनपेक्षा जास्त व्हिसा रन (दिवस वाढवायला नुसतं बॉर्डर ओलांडून परत येणं) केलेल्यांना आत घेणार नाही. म्हणजे तुमच्या मित्राची जी पद्धत आहे, नेमकी तीच. साठ दिवसांचा नियमसुद्धा कायमचा समजू नका, तिकीट काढायच्या दिवशी थाई एम्बसीच्या साइटवर काय लिहिलंय तेच खरं, यूट्यूबवरचं नाही.

आणि कुणी सांगितलं की थोडे दिवस जास्त राहिलं तर दंड भरून सुटता येतं, तर अजिबात ऐकू नका. दिवसाला ५०० बाट, जास्तीत जास्त २०,०००, हे खरं आहे, पण ते स्वतःहून एअरपोर्टवर गेलात तर. मधेच कुठं पकडले गेलात तर वर्षाच्या आतला ओव्हरस्टे असला तरी पाच वर्षं बंदी. तुमचं वय काय मला माहीत नाही, पण पाच वर्षं फार मोठी असतात.

तुमच्यासारख्याला आता नीट रस्ता आहे, मी तोच घेतला. २०२४ च्या जुलैत त्यांनी डीटीव्ही नावाचा व्हिसा काढला. पाच वर्षांचा, एका एन्ट्रीला १८० दिवस, फी १०,००० बाट, आणि बाहेरच्या क्लायंटचं काम तिथं बसून करायला तो चालतो. थाई कंपनीचं काम मात्र करायचं नाही. त्याला खात्यात पाच लाख बाट दाखवावे लागतात, म्हणजे आपले बारा-चौदा लाख, ही अट जड आहे, मला माहितीय. मला दीड वर्ष लागलं साठवायला आणि त्यातले काही आईनं क्रेडिट सोसायटीतली ठेव मोडून दिले. सोसायटीची पावती दाखवून भागेल असं मी आधी धरलं होतं, पण मला कुणी तसा सल्ला दिला नाही, सगळे स्वतःच्या नावावरच्या बँक खात्यात जमा केले आणि मगच अर्ज केला. अर्ज थायलंडच्या बाहेरूनच करायचा, आपल्याकडून २०२५ पासून ई-व्हिसाच्या साइटवर होतो. आणि कॅलेंडर वर्षात तिकडं १८० दिवस झाले की तुम्ही तिथले टॅक्स रेसिडेंट, २०२४ पासून बाहेरची कमाई तिकडं आणली तर टॅक्सचा प्रश्न येतो, तेव्हा जायच्या आधी सीएशी एकदा बोला.

आपल्या भागातल्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते, ती बाहेरचं कुणी सांगणार नाही. पासपोर्टवर माझं पूर्ण नाव, आणि बँकेत शाळेच्या दाखल्याप्रमाणे इनिशिअल्स, ते आधी बँकेत जाऊन बदलून घेतलं, त्यालाच तीन हेलपाटे. पासपोर्टवर जन्मगाव बेलगाम आणि २०१४ नंतरच्या कागदांवर बेळगावी, तेव्हा दोन्ही एकच शहर अशी एक ओळ मी इंग्रजीत लिहून जोडली. कन्नडमधले कागद असतील तर इंग्रजी भाषांतर करून नोटरी करून ठेवा, कोर्टाच्या आवारात करून देतात. या सगळ्याला महिना धरा, आणि तोवर तिकडच्या खोलीचं ॲडव्हान्स कुणालाही देऊ नका.