फरक पडलाय, मग तपासणी कशाला?

"ताई, गहू बंद केल्यापासून माझी लेक जरा माणसात आलीय. आता डॉक्टर म्हणतात, दोन महिने तिला पुन्हा पोळी खायला घाला. मी आई आहे तिची. कशी घालू?"

आई समोर बसून रडत होती. नवरा गप्प होता. तिसऱ्या खुर्चीवर सत्तरी ओलांडलेल्या आजी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. मूळचं खानदेशातलं हे कुटुंब आता नाशिकला राहतं. त्यांच्या परवानगीने हे लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलीला इथे चिऊ म्हणते.

चिऊ नऊ वर्षांची. दोन वर्षं पोट फुगायचं, जुलाब व्हायचे, उंची वाढत नव्हती. हिमोग्लोबिन आठच्या आसपास, लोहाची औषधं देऊनही वर चढत नव्हतं. जंतांचं औषध झालं, दृष्ट काढून झाली. मग एका नातेवाइकाने मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला आणि आईने त्याच दिवशी घरातला गहू बाहेर काढला, सगळ्यांसाठीच. तीन-चार आठवड्यांत चिऊचं पोट उतरलं, भूक लागायला लागली. चार महिन्यांनी बालरोगतज्ज्ञांकडे गेले, तेव्हा त्यांना सिलिअ‍ॅक आजाराची शंका आली. पण रक्तातल्या अँटीबॉडी (या आजारात वाढणारी प्रतिपिंडं) सीमारेषेवर होत्या. त्यावरून होही म्हणता येईना आणि नाहीही.

इथेच गाडी अडली होती. हा आजार असेल तर गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. अन्नरस शोषून घेणारे मखमलीसारखे अंकुर झिजून सपाट होतात, म्हणून खाल्लेलं अंगी लागत नाही. रक्ताची तपासणी आणि दुर्बिणीतून घेतलेला आतड्याचा तुकडा हे दोन्ही या बिघाडाची खूण शोधतात. गहूच बंद असला की बिघाड भरत जातो आणि खूण पुसली जाते. म्हणून डॉक्टरांनी सहा ते आठ आठवडे रोज दोन पोळ्या द्यायला सांगितल्या होत्या. आईने साफ नकार दिला, म्हणून त्यांनी या कुटुंबाला समुपदेशनासाठी माझ्याकडे पाठवलं.

असे पालक माझ्याकडे वरचेवर येतात. मूल बरं दिसतंय, मग कागदावर नाव लिहून घेण्यासाठी त्याला परत आजारी पाडायचं का, ही त्यांची कळकळ मला कधीच चुकीची वाटत नाही. त्या दिवशीही मी आईला लगेच काही समजावलं नाही. मी आजींना विचारलं, "आजी, तुम्हाला काय वाटतं?"

आजी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मी देते तिला. शंकरपाळी देते. दुपारी, सूनबाई कामावर गेली की."

खोलीत जे झालं ते सगळं सांगत नाही. आईचा आवाज चढला, नवरा उठून दारापाशी जाऊन उभा राहिला. आजी मात्र जागच्या हलल्या नाहीत. "एवढ्याशाने काय होतंय? कुणी सिद्ध केलंय का, की गव्हानेच होतं?"

त्या वाक्यात मला या घराचं दुखणं सापडलं. चिऊचा गहू बंद होता, पण तो फक्त आईच्या श्रद्धेवर. वडील बाहेर गेले की तिला पाव घेऊन द्यायचे. मावशीने पाच किलो खपली गहू आणून ठेवला होता, तो जुना, देशी, म्हणून चालतो असं कुणीतरी सांगितलं होतं. (खपलीतही ग्लुटेन असतं. मधुमेहासाठी तो कसा हा वेगळा विषय, पण सिलिअ‍ॅक असेल तर खपली मुळीच चालत नाही.) शाळेत मैत्रिणी विचारायच्या, "तू डाएट करतेस का?" आणि चिऊ त्यांच्या डब्यातला घास मुकाट खायची. ज्या आजाराला नाव नाही, त्याचं पथ्य घरातला प्रत्येक जण आपापल्या मापाने पाळतो.

आणि हे पथ्य मापाने पाळायचं नसतंच. सिलिअ‍ॅक असेल तर ते जन्मभराचं, चिमूटभराचीही सूट नसलेलं. तो नसून गव्हाची अ‍ॅलर्जी असेल, किंवा गव्हातल्या एखाद्या साखरेने नुसता गॅस धरत असेल, तर नियम निराळे, कदाचित बरेच सैल. नऊ वर्षांच्या मुलीला जन्मभराचं बंधन घालायचं तर ते अंदाजावर घालू नये, असं माझं ठाम मत आहे.

पुढच्या भेटीला मी आजींना एकटीला बोलावलं. त्यांनी लहानपणाचं सांगितलं. रोज ज्वारी-बाजरीची भाकरी, कळण्याची भाकरी. गहू सणाला, पाहुण्याला, जावयाला. 1972 च्या दुष्काळात त्या नव्या नवरी होत्या. तेव्हा रेशनवर मिळालेल्या लाल मिलोच्या (परदेशातून आलेल्या ज्वारीच्या) भाकरीचा वास त्यांना अजून आठवतो. "तेव्हा ठरवलं होतं, माझ्या घरातल्या लेकराच्या ताटात रोज पोळी पडेल. आणि आता सगळे पोळी खाणार नि माझी नात भाकरी?"

मी किती सासू-सुनांमध्ये बसले असेन, पण पोळी या शब्दामागे एवढं असू शकतं हे मला त्या दुपारी कळलं. आजी औषधाच्या आड येत नव्हत्या. नातीचा मान राखत होत्या.

मी त्यांना एका डॉक्टरची गोष्ट सांगितली. नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके. दुसऱ्या महायुद्धात, 1944-45 च्या हिवाळ्यात तिथे अन्नाचा भीषण तुटवडा पडला. पाव मिळेनासा झाला, आणि त्यांच्याकडची या आजाराची मुलं उपासमारीच्या काळात उलट सुधारली. पाव परत आला तशी पुन्हा खालावली. गव्हाबद्दलची त्यांची शंका पक्की झाली आणि 1950 मध्ये त्यांनी ते प्रबंधात मांडलं. आजींनी फक्त एवढंच विचारलं, "म्हणजे त्यांनीही आधी देऊन पाहिलं, मग बंद केलं?" मी म्हटलं, "डॉक्टरांना आता तेच पाहायचंय, फक्त नीट, लक्ष ठेवून."

आईशी बोलणं जास्त अवघड गेलं. तिला अपराधी वाटत होतं, आणि त्याला शब्दांचा उपयोग नव्हता. आम्ही एवढंच ठरवलं की पोळी ती एकटी देणार नाही. रात्री सगळे एकत्र बसतील, वडील वाढतील. चिऊला खरं कारण सांगायचं. दुखलं तर ती वहीत तारीख घालून लिहील, फार झालं तर लगेच डॉक्टरांना फोन. चिऊने वहीला नाव दिलं, "पोटाची डायरी". सातव्या आठवड्यापर्यंत त्यात फुगलेल्या पोटांची बरीच चित्रं जमली होती. आईने ती वही मला दाखवली तेव्हा तिचे हात थरथरत होते.

अँटीबॉडी या वेळी स्पष्ट वाढलेल्या आल्या, दुर्बिणीच्या तपासणीने शिक्कामोर्तब केलं. सिलिअ‍ॅक.

त्यानंतर घर कसं हललं ते सांगण्यासारखं आहे, कारण "सगळ्यांनीच गहू सोडायचा का?" हाही मला नेहमीचा प्रश्न. माझं उत्तर: सक्ती नको, पण दिवसातलं एक जेवण सगळ्यांचं एकसारखं असावं. यांच्याकडे रात्री सगळ्यांना भाकरी, भरीत, डाळ-भात. वडिलांच्या डब्याच्या पोळ्या सकाळी वेगळ्या ओट्यावर. चिऊसाठी परात, पोळपाट-लाटणं, तवा, चाळणी सगळं नवं, कारण लाकडाच्या भेगांत पीठ राहतं. पुऱ्या तळलेलं तेल तिच्या पापडाला नाही. रवा, मैदा, शेवया, लापशी हे सगळं गहूच, हे वडिलांना तेव्हा कळलं. जव आणि त्यापासूनची माल्टची पेयंही बंद. डबीतल्या हिंगातही बहुधा गव्हाचं पीठ असतं, हे मात्र आजींना पटेना. शेवटी त्यांनी नातवाकडून डबीवरची बारीक अक्षरं वाचून घेतली आणि डबी शेजारी देऊन टाकली.

गिरणीचं तर आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. ज्वारी शुद्ध, पण दळली जायची गव्हाच्या पाठोपाठ त्याच जात्यात. हे आजींनीच ओळखलं. लहानपणी दळायला बसलेल्या बाईलाच ते सुचणार. त्यांनी साठवलेल्या पैशांतून घरघंटी घेतली, आणि वर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी डकवली: "गहू टाकू नये."

ग्लुटेनमुक्त बिस्किटांची पाकिटं आईने सुरुवातीला बरीच आणली. त्यांत साखर नि स्टार्चच जास्त, म्हणून आहारतज्ज्ञांनी ती कमी करून नाचणी, राजगिरा, शेंगदाण्याची चिक्की यांवर आणलं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मात्र सगळ्यांची परीक्षा होती. आजींचे खापरावरचे मांडे गल्लीत प्रसिद्ध. हातावर तलम होत जाणारं ते गव्हाचं पीठ घरभर उडतं. त्या वर्षी खापर माळ्यावरच राहिलं. आमरसाबरोबर तांदळाची धिरडी झाली. आजी त्या दिवशी फारशा जेवल्या नाहीत, असं आईने सांगितलं. ते दुःख मी कमी लेखत नाही.

वर्षभराने चिऊच्या अँटीबॉडी खूप खाली आल्या, हिमोग्लोबिन अकराच्या वर गेलं, गणवेश आखूड झाला. भेट संपवताना डॉक्टरांनी सांगितलेलं मी पुन्हा सांगितलं. सख्ख्या नात्यात हा आजार शंभरात सात-आठ जणांना निघतो, तेव्हा धाकट्या भावाचीही रक्ततपासणी करून घ्या.

आई काही बोलायच्या आत आजींनी तिच्या हातावर हात ठेवला. "सूनबाई, तपासणी होईपर्यंत त्याची पोळी बंद करू नकोस हं."