घराच्या दिवसात मावेल तेवढेच सांग

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

विशेष शिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण करून तू गोव्यातल्या डिचोली-सत्तरी भागात मुलांबरोबर काम सुरू करणार आहेस हे कळले आणि आनंद झाला. स्वमग्नता (ऑटिझम), एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता, वाचन-लेखनातल्या अडचणी यांविषयी तू जे शिकलीस त्याची उजळणी इथे करत नाही. मला लिहायचे आहे ते घरांविषयी, कारण आपण दिलेला कार्यक्रम त्या घराच्या रोजच्या दिवसात मावला नाही तर तो कितीही शास्त्रशुद्ध असला तरी फाइलमध्येच राहतो.

वाळपईपलीकडच्या गावातून पर्वरीला किंवा बांबोळीला थेरपीसाठी यायचे म्हणजे आईचा अख्खा दिवस जातो, बस बदलाव्या लागतात आणि गर्दीत मूल बिथरले की चार लोकांच्या नजरा झेलाव्या लागतात. एवढे सोसून आलेल्या बाईच्या हातात दोन पानी तक्ता देऊन ‘हे रोज झालेच पाहिजे’ असे बजावणारे तुला भेटतील. तू आधी विचार, सकाळी मुलाला आंघोळ कोण घालते, तो जेवायला कुठे बसतो, संध्याकाळी घरात कोण असते. आणि त्यातली एकच वेळ निवड. समज, आंघोळीची निवडलीस. पाण्याचा तांब्या भरून आईने क्षणभर थांबायचे. मुलाने तांब्याकडे बघितले, हात पुढे केला किंवा नुसता आवाज काढला, तरी ते मागणेच समजून लगेच पाणी ओतायचे. आठवडाभर एवढे जमले तरी पुष्कळ झाले.

हे केवळ माझे मत नव्हे. गोवा आणि रावळपिंडी इथे मिळून ६५ स्वमग्न मुलांच्या कुटुंबांबरोबर झालेला एक अभ्यास २०१६ साली ‘लॅन्सेट सायकिॲट्री’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, तो जरूर वाच. त्यात तज्ज्ञ नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण मिळालेल्या कार्यकर्त्यांनी पालक आणि मूल खेळतानाचे व्हिडिओ पालकांनाच दाखवून त्यावर त्यांच्याशी चर्चा केली. पालक मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले आणि मुले स्वतःहून संवाद अधिक सुरू करू लागली. सगळीच मोजमापे सुधारली असे मात्र नाही. दोघांनी एकाच गोष्टीत लक्ष गुंतवण्याचे प्रमाण उलट कमी दिसले, आणि तेही लपवलेले नाही. आईला घरातली थेरपिस्ट करून सोडणे हा या पद्धतीचा अर्थ नव्हे, हे मात्र नीट ध्यानात घे.

आपल्याकडे घरी कोंकणी, शाळेत मराठी, पुढे इंग्रजी आणि मोबाइलवर हिंदी, असा मुलाचा दिवस जातो. मूल बोलत नाही म्हटल्यावर ‘घरात एकच भाषा बोला’ असा सल्ला सर्रास दिला जातो, आणि पुष्कळदा ती एक भाषा इंग्रजी असते. दोन भाषा कानांवर पडल्यामुळे स्वमग्न मुलाची भाषा मागे पडते, असे संशोधनात दिसलेले नाही. या सल्ल्याने होते एवढेच की नातवाशी सर्वांत जास्त बोलणारी आजी गप्प बसते.

पहिल्या भेटीतच कळेल की देवळात कौल घेऊन झाला आहे, दृष्टही काढून झाली आहे. त्याला नाक मुरडू नकोस. मुलासाठी धावाधाव करणारी माणसे आहेत ती. कठोर व्हायचे ते ‘पूर्ण बरा करतो’ म्हणून लाखो रुपये घेणाऱ्यांच्या बाबतीत, मग त्यांच्या पाटीवर स्टेम सेल लिहिलेले असो की आणखी काही.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता दोन्ही आहेत. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, तसेच दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख त्या कायद्यातच आहे. तीन भाषांच्या ओझ्याखाली दबलेल्या मुलाला ही शेवटची तरतूद फार मोलाची ठरते, तरी शाळेत तिचे नाव क्वचितच निघते. स्वमग्न मुलांसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही १ लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजनाही आहे. यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगत्वाचे ओळखपत्र, काढायला पालक कचरतात, मुलावर शिक्का बसेल म्हणून. घाई करू नकोस, पण विषय सोडूही नकोस.

आता चवथीविषयी, म्हणजे गणेश चतुर्थीविषयी, कारण माझ्या मते कुटुंबे खरी तुटतात ती तिथे. मूळ घरी सगळे काका-चुलते जमलेले असतात, आरतीला घुमट, शामेळ आणि कासाळे ही वाद्ये एकदम सुरू होतात, बाहेर फटाके वाजतात, आणि मूल कानांवर हात ठेवून किंचाळू लागते. ‘लाडावून ठेवलाय’ असे कोणीतरी म्हणतेच. आई त्याला घेऊन परसात जाते आणि पुढल्या वर्षी मूळ घरी यायचेच टाळते. अशा घरांना आदल्या दिवशीच, घर शांत असताना, यायला सांग. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधताना नारळ किंवा सुपारीची शिपटी (घोस) एकेक करून हातात द्यायचे काम मुलाला द्यावे, आरतीच्या वेळी बसायची दूरची खोली त्याला आधीच दाखवून ठेवावी, आणि फटाके घरापासून लांब लावावेत असे घरातल्या वडीलधाऱ्याने स्वतः सर्वांना सांगावे. आईने सांगितले तर ती तक्रार वाटते, म्हणून त्या वडीलधाऱ्याला आधी तूच जाऊन भेट. पोरवयाची बाई काय सांगणार, असा चेहरा झाला तरी चहा संपेपर्यंत बस. चवथीला अजून दीड महिना आहे. तुझ्या यादीतल्या ज्या घरांत मूळ घरी जाण्यावरून धुसफुस असेल, त्यांच्या भेटी आधी उरक. मूल्यमापनाचे फॉर्म नंतर भरले तरी चालतील.

तुझी,
ताई