कंबरेत बसते तर मांडीत अडकते, मग जीन्स निवडायची कशी?

तुम्ही लिहिलंय की कंबरेच्या मापाची जीन्स मांड्यांच्या वर चढतच नाही, आणि मांड्यांत बसणारी घेतली तर खाली बसल्यावर मागे मूठ जाईल एवढी पोकळी राहते. शेवटी 'माझंच अंग बेढब आहे का?' असंही विचारलंय. मुळीच नाही. मी बरीच वर्षं कपडे आल्टर करून देते आणि माझ्याकडे सगळ्यात जास्त जीन्स याच तक्रारीच्या येतात. दोष कटिंगचा असतो, तो तुम्ही अंगावर घेऊ नका.

रिवेट, म्हणजे खिशांचे कोपरे पक्के करणारे धातूचे खिळे, मारलेल्या जीन्सचं पेटंट २० मे १८७३ चं, आणि ती कष्टाची कामं करणाऱ्या पुरुषांसाठी होती. लीव्हाइजने खास बायकांसाठी कापलेली जीन्स आणली ती १९३४ मध्ये. त्या जुन्या कटाच्या खुणा आजही सापडतात, त्यातली मोठी म्हणजे सरळ पट्टा. कंबरेचा पट्टा दोन तऱ्हांनी कापतात. सरळ पट्ट्याची वरची आणि खालची कड सारख्याच लांबीची असते. कंबर आणि नितंब यांत फार फरक नसेल तर तो उत्तम बसतो, पण कंबर बारीक आणि खाली अंग भरलेलं असेल तर तो मागे उघडा पडणारच. बाकदार पट्ट्याची वरची कड लहान असते, म्हणून तो कंबरेला धरून राहतो. ओळखायला सोपं आहे. बटण काढा, पट्टा टेबलावर सपाट पसरा. सरळ असेल तर फूटपट्टीसारखा पडून राहील, बाकदार असेल तर कमानीसारखा वळेल.

मग जीन्स उलटी करून पाठ बघा. पट्ट्याखाली मधोमध खाली उतरत गेलेला एक जोडतुकडा असतो, त्याला योक म्हणतात. स्कर्टला मागे टक घालतात ना, ते काम जीन्समध्ये हा योक करतो. त्याचं टोक जितकं खोल, तितका मागे गोलावा जास्त. योक जवळजवळ सरळ आडवा असेल तर तुमच्या ठेवणीला ती जीन्स बहुधा नाही जमणार.

आता मापं. लेबलवरच्या आकड्यावर विसंबू नका. मागे एकदा माझ्या टेबलावर एकाच बाईंच्या दोन जीन्स होत्या, दोन्हींवर २८. टेप लावला तर एकीचा पट्टा २९ इंच भरला, दुसरीचा ३१. म्हणून घरात जी जीन्स तुम्हाला खरंच सुखाची वाटते ती सपाट पसरून मोजा: नितंबांपाशी सगळ्यात रुंद जागा, आसनाच्या (दोन्ही पायांच्या शिवणी जिथे जुळतात तिथल्या जोडाच्या) एक इंच खाली मांडी, आतल्या शिवणीची लांबी, आणि आसनाच्या जोडापासून समोरच्या पट्ट्याच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर. हे शेवटचं माप, म्हणजे राइज, बहुतेकजणी घेतच नाहीत. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच. साधारण ८ इंचांच्या आत लो, ८ ते १० मिड, त्याच्या वर हाय म्हणतात. पण धड लांब असेल तर हाय म्हणून विकलेली जीन्ससुद्धा अंगावर मिडसारखी बसते. आसन तोकडं पडलं की खाली बसताना पट्टा मागून खाली ओढला जातो, आणि आपल्याला वाटतं कंबर सैल आहे.

ट्रायल रूममध्ये उभ्याने आरशात पाहून बाहेर येऊ नका. बसा, उकिडव्या बसा, एक पाय उचलून स्टुलावर ठेवा. मग कापडावरच्या रेषा बघा. आसनापासून मांड्यांकडे मांजराच्या मिशांसारख्या ताणलेल्या आडव्या रेषा गेल्या तर तिथे जागा कमी आहे. बाजूचे खिसे आ वासून उघडे राहत असतील तर नितंबांत घट्ट आहे, बटण लागलं म्हणून फसू नका. मागे नितंबांखाली कापडाची झोळ साचत असेल तर पाठीमागचं आसन जास्त आहे. हे सगळं धुतल्यावर 'बसून जाईल' असं विक्रेते सांगतात. मांडीचा ताण थोडा सैलावतो हे खरं, पण आसनाची उंची काही वाढत नाही.

कापडात इलास्टेन, म्हणजे ताणला जाणारा धागा, १ ते २ टक्के असलं तर हालचालीला बरं पडतं. त्याहून बरंच जास्त असेल तर अंगावर मऊ लागतं, पण संध्याकाळपर्यंत गुडघ्यांना पोंगे येण्याचा धोका असतो. गुडघ्याजवळचं कापड दोन बोटांत धरून ताणा आणि सोडा. लगेच जागेवर आलं पाहिजे. इलास्टेनला उष्णता सोसत नाही, तेव्हा अशी जीन्स ड्रायरमध्ये टाकू नका.

अंगावर असतानाच बाहेरची शिवण वरून खाली नजरेने उतरत जा. घोट्यापर्यंत सरळ गेली तर ठीक. नडगीवर वळून आली असेल तर पाय पिळलेला आहे, आणि तो कोणीही सरळ करून देऊ शकत नाही. मागचे खिसे फार लहान आणि एकमेकांपासून लांब असले तर पाठ रुंद दिसते, एवढंच.

राहिला तुमचा मूळ पेच. दोन जीन्समध्ये अडकलात तर नितंब आणि मांडीत बसणारी घ्या. कंबर मागच्या मधल्या शिवणीतून एक-दीड इंच सहज कमी होते, त्यापुढे मागचे खिसे एकमेकांना भिडायला लागतात. उलट मांडी सैल करायला शिवणीत माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, ठेवलेलीच नसते, त्यामुळे तिथे आम्हीही हात टेकतो. कंबर कमी करून घेताना बसून माप द्या. आणि लांबी कापायची असेल तर आधी एकदा धुवून वाळवा, मग जे चप्पल-बूट घालणार तेच पायात घालून टाचणी लावून घ्या.