नऊ महिन्यांची मुलगी दिवसभर आजीकडे छान राहते आणि मला बघून रडते, तिला माझा लळा राहिला नाही का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगी सहा महिन्यांची झाल्यावर तुम्ही परत जॉबला जायला लागलात, दिवसभर ती सासूबाईंकडे मजेत असते, आणि संध्याकाळी तुम्ही दारात दिसलात की भोकाड पसरते, म्हणून तुम्हाला वाटतंय की तिला आता तुम्ही नकोशा झालात. अहो, उलट आहे.

मी बडोद्याची, इथेच एम. एस. युनिव्हर्सिटीत होम सायन्सला ह्युमन डेव्हलपमेंट केलं आणि नंतर बावीस वर्षं दांडिया बाजारात पाळणाघर चालवलं, त्यामुळे हे रडणं मी रोज संध्याकाळी सहाला बघितलंय. एक दहा महिन्यांचा मुलगा होता, त्याची आई मकरपुऱ्याहून यायची. दिवसभर आमच्या मावशींच्या मांडीवर बसून वाटी-चमचा आपटणार, दुपारी घोडियुंत झोपणार (इथे मराठी घरांतसुद्धा घोडियुंच म्हणतात, कापडाची झोळी आणि ओढायला दोरी), काही म्हणून तक्रार नाही. पण जिन्यात आईच्या चपला वाजल्या की हातातला चमचा हवेत तसाच थांबायचा, मान दाराकडे, खालचा ओठ बाहेर, आणि ती दिसली की जे रडू फुटायचं! ती बिचारी दारातच रडवेली व्हायची. मी तिला म्हणायचे, अगं तो रडत रडत जातोय कोणाकडे ते बघ ना. तिच्याच खांद्यात तोंड खुपसायचा, दोन मिनिटं हुंदके, मग तिच्या मंगळसूत्राची वाटी चिमटीत धरून आमच्याकडे वळून हसायचा. दिवसभर सांभाळून ठेवलेलं सगळं तो आईपाशी मोकळं करायचा.

मेरी एन्सवर्थ म्हणून एक मानसशास्त्रज्ञ बाई होत्या, त्यांनी १९६० च्या दशकात अमेरिकेत बाल्टिमोरला साधारण वर्षाच्या बाळांना असंच बघितलं. अनोळखी खोलीत खेळणी द्यायची, आईने थोडा वेळ बाहेर जायचं आणि परत यायचं. आई गेल्यावर बाळ किती रडलं यापेक्षा ती आल्यावर काय केलं याच्याकडे त्यांचं जास्त लक्ष. जे तिच्याकडे झेपावतं, कुशीत शांत होतं आणि परत खेळायला लागतं त्याचा लळा पक्का. काही बाळं आई आली तरी मान वर करत नाहीत, आपण म्हणतो किती शहाणं बाळ, पण नंतर अशा बाळांचे हृदयाचे ठोके मोजले तर ते वाढलेले निघाले, म्हणजे आतून तेही घाबरलेलंच असतं.

आणि नऊ महिने हे वयच तसं आहे हो. सहा-सात महिन्यांपर्यंत बाळ बहुतेक कोणाकडेही जातं, मग माणसं ओळखायला लागतं, आणि आई दिसत नसली तरी ती कुठेतरी आहे हे कळायला लागतं, ते कळतं म्हणूनच तर आठवण येते.

राहिला सासूबाईंचा प्रश्न. शेफर आणि एमर्सन या संशोधकांनी स्कॉटलंडमधल्या ग्लासगोमध्ये ६० बाळांचा अभ्यास केला, १९६४ साली छापला, त्यात दीड वर्षापर्यंत बहुतेक बाळांना एकापेक्षा जास्त माणसांचा लळा होता. आणि शंभरात साधारण ३९ बाळांचा सगळ्यात जास्त जीव जो भरवतो, आंघोळ घालतो त्याच्यावर नव्हताच, बाळाने हाक मारल्यावर जो ओ देतो, त्याच्याशी खेळतो, बोलतो, तो माणूस जवळचा. म्हणजे आजीचा लळा लागला म्हणून तुमचा कमी होत नाही, आणि भरवायला तुम्ही नसता याचा अपराधीपणाही नको.

एका गोष्टीचा मला खरंच राग येतो, "उचलू नका, हाताची सवय लागेल" हे जे घरोघरी चालतं त्याचा. एन्सवर्थ बाईंच्याच अभ्यासात ज्या बाळांना पहिल्या काही महिन्यांत रडल्यावर लवकर घेतलं ती वर्षाच्या शेवटी कमी रडत होती. उचला, बिनधास्त उचला. दरवेळी जमणार नाही, कोणालाच जमत नाही, एड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञांनी आई आणि बाळ एकमेकांशी खेळताना बारकाईने बघितलं तर दोघांचा सूर जुळलेला वेळ साधारण तीस टक्केच होता, बाकी वेळ चुकतं आणि परत जुळतं, त्या परत जुळण्यातूनच बाळाला भरवसा येतो.

आता काय करायचं ते सांगते. घरी आल्यावर ओट्याकडे जाऊ नका, डबा, पर्स राहू दे, हात धुवा आणि पंधरा-वीस मिनिटं तिला घेऊन जमिनीवर बसा, मोबाईल दुसऱ्या खोलीत. ती रडली तर सासूबाईंनी लगेच "ये माझ्याकडे" म्हणून घेऊ नये एवढं त्यांना प्रेमाने सांगा. आणि सकाळी ती बघत नाहीये म्हणून मागच्या दाराने सटकत असाल तर ते बंद करा, त्याने ती दिवसभर दाराकडे बघत राहते. पापी घ्या, "आई संध्याकाळी येते हं" म्हणा आणि निघा. सुरुवातीला रडेल, मग आजीच्या कडेवरून टाटा करायला लागेल.